दीड चमचा कोको

कोपरखैरण्यात थंडी येते ती घाईतल्या पाहुणीसारखी,
चप्पल न काढता दारातच उभी.
सकाळी सहाला स्कूटीच्या आरशावर ओलसर धुरकट थर,
आणि सेक्टर एकोणीसमधल्या कुठल्याशा चौथ्या मजल्यावर
उपाशीपोटी वाट बघणारा एक दंड.
"मूठ आवळा काका. हं. झालं."
नऊ वाजेपर्यंत माझ्या थंडपेटीत
बावीस घरांची साखर जमते.

म्हणून तो डबा मीच फेकला.
झाकणावर फेसाळलेला मग, मागे मुंगीच्या अक्षरात घटक,
घटकांत पहिलं नाव साखरेचं.
कोको बिचारा तिसरा,
लग्नात आगंतुक शिरल्यासारखा.
कैरवी दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, मग तू करून दाखव.

पहिल्यांदा नाचणी.
पीठ थेट उकळत्या दुधात टाकलं, चूक माझीच.
"हे चॉकलेट नाही, वाशीच्या पुलाखालचा गाळ आहे.
ओहोटीचा."
असं म्हणून तिनं अर्धा कप प्यायला.
मग गूळ. दूध फाटलं.
त्या चोथ्याकडे बघत आम्ही दोघी इतक्या हसलो
की खालच्या मढवीकाकूंनी खिडकीतून विचारलं,
काय गं, काय सांडलं?

खजूर सुचवला इब्राहिमभाईंनी.
तुर्भ्याच्या बाजारात सुक्यामेव्याचा गाळा त्यांचा,
दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त मी काढते.
"मी फक्त विकतो," म्हणाले, "चव विसरलो."
आणि पाव किलोवर मूठभर जास्तच टाकले.

आता जमलंय.
दोन खजूर, बिया काढून, कोमट दुधात तासभर.
कोको दीड चमचा, आधी गार दुधात कालवायचा,
पिठल्याचं बेसन कालवतो तसा, गुठळी राहता कामा नये.
आच मंद. मीठ चिमटीच्याही चिमटीएवढं.
जायफळ सहाणेवर दोनच वेढे, तिसऱ्यानं झोप येते
आणि तिचा गणिताचा अभ्यास राहतो.
मग रवी.
रवी घुसळली की फेस येतो,
थेट डब्यावरच्या चित्रासारखा.
"थोडं कडू आहे."
"हो."
"चालेल."

काल, खजूर अजून वाटीत भिजत होते,
तेव्हा तिनं सहज विचारलं,
"आई, तुझं रक्त कोण काढतं?"

रवी हातात तशीच.
नऊ वर्षं मी लोकांच्या शिरा शोधतेय.
जाडजूड, सुकलेल्या, घाबरून आत पळालेल्या,
बोटाला सापडतातच.
माझ्या कोपरातली निळी रेघ तेवढी
मी बाहीखाली ठेवली.
माझ्या आईची नजर आधी डाव्या डोळ्यातून गेली होती,
मग उजव्या.
हे मी कैरवीला अर्धंच सांगितलंय.

बॅगेतलं यंत्र ओट्यावर ठेवलं.
नवी सुई काढली, बोट पुढे केलं.
"मूठ आवळा काकू," तिनं माझाच आवाज काढला.
बोट टोचायला मूठ लागत नाही.
मी दुसऱ्या हाताची आवळली.

आकडा आला.
"जेवणानंतरचा आहे," मी म्हटलं,
"सकाळी उपाशीपोटी परत बघू,"
इतरांशी बोलते त्याच सुरात,
तोच सूर, ज्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही.
तिनं काही विचारलं नाही.
वाटीतला एक खजूर चमच्यानं उचलून
स्वतःच्या कपात टाकला.
थोडा वेळ थांबली. मग दुसराही.

माझ्या कपात दूध, कोको, जायफळ.
कडू.
पहिला घोट तोंडात धरून ठेवला तर
शेवटी कुठेतरी दुधाचीच गोडी लागते, पुसटशी,
की मला तसं वाटलं, माहीत नाही.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक ट्रक गियर बदलत होता.

गजर साडेपाचचा.
उद्याच्या यादीत घरं तेवीस.
पातेलं भिजत घातलंय, कडेला तपकिरी वर्तुळ धरलंय.
सकाळी घासेन.